सोडलेली दारू सुटलेली कशी राहील?

ऊस विकास विभागाकडून



या पानावर आम्ही दर अंकाला लागण, बेणे, खत, पाणी आणि खोडवा हेच विषय मांडत असतो. या खेपेला विषय निराळा आहे, दारूच्या व्यसनाचा. 'शेतकी खात्याने यात कशाला पडायचं?' असे काहीजण म्हणतील. पण आमचे काम शिवारात असते, आणि शिवार काही लपवून ठेवत नाही. एकरी पन्नास टन देणारे रान दोन वर्षांत पंचवीस टनांवर येते. माती तपासावी तर माती चांगली, बेणे चांगले, विहिरीला पाणी. मग कळते की खताचा हप्ता पडलाच नाही, बांधणी राहून गेली, पाण्याची पाळी दोनदा चुकली. याचे कारण माती परीक्षणाच्या अहवालात सापडत नाही. ते घरात सापडते.

दारू वाईट आहे हे सांगायला हा लेख नाही. ते पिणाऱ्याला आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असते. ज्यांनी सोडायचे ठरवले, उपचार घेतले आणि दवाखान्यातून घरी आले, त्या मंडळींची सोडलेली दारू सुटलेली कशी राहील, एवढाच आमचा मुद्दा आहे. आपल्याकडे सगळा जोर दाखल करण्यावर असतो. घरी आल्यानंतरच्या दिवसांचा विचार कोणी करीत नाही, आणि खरे काम तर तिथूनच सुरू होते.

दाखल केले म्हणजे झाले का?

वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्या माणसाचे शरीर दारूला सरावलेले असते. ती एकाएकी बंद केली की काही तासांतच हात कापू लागतात, घाम सुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत काहींना फिट येते. दोन ते चार दिवसांत काहींना भ्रम होतो, नसलेली माणसे आणि किडे दिसू लागतात, ताप चढतो. यात जीवही जाऊ शकतो. म्हणून ज्याला सकाळी उठल्याबरोबर घेतल्याशिवाय चालत नाही, त्याला खोलीत कोंडून किंवा शपथ घालून एका दिवसात बंद करायला लावू नये. हे काम डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषधे आणि ब-१ जीवनसत्त्व देऊनच व्हायला हवे.

हा पहिला टप्पा साधारण आठ-दहा दिवसांत आटोपतो. अंगातली दारू उतरते. सवयीतली उतरलेली नसते. हरळी वरून खुरपली की रान चार दिवस स्वच्छ दिसते, पण काशा जमिनीत तशाच असतात हे आपल्याला कोणी सांगावे लागत नाही. काशा वेचाव्या लागतात आणि पुढची दोन वर्षे ते रान डोळ्याखाली ठेवावे लागते. व्यसनाचे नेमके तेच आहे. फरक एवढाच, की रानात हरळी पुन्हा उगवली म्हणून आपण रान विकत नाही, आणि माणूस पुन्हा प्यायला की मात्र 'याचं काही खरं नाही, पैसे पाण्यात गेले' म्हणून त्याला सोडून देतो.

२००० साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात टॉमस मॅकलेलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याबाबत एक तुलना मांडली. व्यसनाचे उपचार घेतलेल्यांपैकी ४० ते ६० टक्के लोक वर्षभरात पुन्हा व्यसनाकडे वळतात. आकडा ऐकून धीर खचतो. पण त्यांनी याच्या शेजारी रक्तदाब, दमा आणि मधुमेहाचे आकडे ठेवले. त्या रोगांतही औषध-पथ्य सुटून आजार उलटण्याचे प्रमाण याच्या आसपासच निघाले. मधुमेहाच्या माणसाची साखर वाढली तर आपण 'डॉक्टर फसवा निघाला' असे म्हणत नाही. गोळीचा डोस बघतो, पथ्य बघतो, पुन्हा तपासतो. दारूच्या बाबतीत हाच विचार करायला हवा. हा लांब पल्ल्याचा आजार आहे आणि त्याचा उपचारही लांब पल्ल्याचा आहे.

पुन्हा प्यावीशी का वाटते?

संध्याकाळ झाली, खिशात पैसे आले, अमका मित्र भेटला, तमका धाबा दिसला की दारू, असा हिशेब मेंदूने वर्षानुवर्षे गिरवलेला असतो. दारू बंद झाली तरी तो हिशेब पुसला जात नाही. ती जागा, तो वास, ती वेळ आली की ओढ उठते. ही ओढ बैलगाडीच्या चाकासारखी वर चढते आणि खालीही उतरते. तिला खतपाणी घातले नाही तर बहुतेक वेळा पंधरा-वीस मिनिटांत, फार तर अर्ध्या तासात ती ओसरते. पण हे ठाऊक नसलेल्या माणसाला वाटते, की आता प्यायल्याशिवाय ही जाणारच नाही. तिथे तो हरतो.

अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस म्हणजे 'एए'ची मंडळी चार गोष्टींपासून जपायला सांगतात: भूक, राग, एकटेपणा आणि थकवा. आपल्या कामात या चारही गोष्टी रोजच्याच. शिवाय दारू सोडल्यावर कित्येक आठवडे, काहींना महिनोन्‌महिने, झोप नीट लागत नाही. 'झोपेपुरती घेतो' म्हणून घेतलेला पहिला पेला तिथूनच आलेला असतो.

आणखी एक गोष्ट. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ अॅलन मार्लॅट यांनी १९८५ साली या विषयावर एक ग्रंथ संपादित केला. त्यात त्यांनी दाखवून दिले की पहिल्या पेल्यापेक्षा त्यानंतरचा विचार जास्त घातक असतो. शपथ घेतली होती, ती मोडली, आता मी कामातूनच गेलो, मग प्यायला काय हरकत आहे! या विचाराने एका पेल्याची बाटली होते आणि बाटलीचा आठवडा होतो. आपल्याकडे माळ घालून, देवापुढे शपथ घेऊन सोडणारी खूप मंडळी आहेत आणि त्यातली कितीतरी जन्मभर कोरडी राहिली आहेत. माळेचा मान आम्ही जाणतो. पण शपथ एकदा मोडली तर पुढे काय करायचे, हे शपथ सांगत नाही. ते समुपदेशन सांगते.

समुपदेशन म्हणजे समजूत घालणे नव्हे

'समुपदेशन' म्हटले की आपल्याकडे अर्थ होतो चार वडीलधाऱ्यांनी बसवून समजूत घालणे. बायकोमुलांकडे बघ, वाडवडिलांची जमीन आहे, लोक काय म्हणतील! तो मान खाली घालून ऐकतो, 'व्हय व्हय' म्हणतो आणि उठून जातो. समुपदेशकाचे काम याच्या उलट चालते. तिथे बोलायचे असते पेशंटने.

विल्यम मिलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८३ साली एक पद्धत मांडली. तिचे सार असे की, माणसाशी वाद घातला की तो दारूची बाजू घेऊन भांडतो, आणि नीट विचारले की तोच दारूविरुद्धची कारणे सांगू लागतो. त्याच्या तोंडून निघालेले कारण त्याला बांधून ठेवते, आपण सांगितलेले ठेवत नाही. दुसरी पद्धत विचार आणि वर्तन यांवर काम करते. कोणत्या वेळी, कोणत्या जागी, कोणाबरोबर, मनात काय आले असता प्यायलो याचा बारीक हिशेब काढायचा आणि त्या प्रत्येक जागेला आधीच बांध घालायचा. मित्र आग्रह करील तेव्हा काय बोलायचे याची तालीमसुद्धा तिथे करून घेतात. तिसऱ्या पद्धतीत नवरा-बायकोला किंवा सगळ्या घराला एकत्र बसवतात. चौथी वाट 'एए'सारख्या गटाची.

यातली चांगली कोणती? अमेरिकेत १,७२६ जणांवर या पद्धतींची मोठी तुलना झाली आणि १९९७ साली तिचे निष्कर्ष आले. तीन पद्धती तपासल्या आणि तिन्हींचा गुण जवळजवळ सारखाच आला. तेव्हा अमकी पद्धत की तमकी, यात वेळ घालवू नये. जी आपल्या जवळपास मिळते ती धरावी आणि सोडू नये.

हे सगळे मोठ्या शहरातल्या मोठ्या डॉक्टरांनाच जमते, असेही नाही. शेजारच्या गोव्यात 'संगत' या संस्थेने १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत ३७७ पुरुषांवर एक प्रयोग केला. ही माणसे पूर्ण व्यसनात गेलेली नव्हती, पण पिणे हाताबाहेर चालले होते. मानसोपचाराचे कसलेही पूर्वशिक्षण नसलेल्या स्थानिक लोकांना तयार करून त्यांच्याकडून या मंडळींशी फार तर चार बैठका करविल्या. वर्षाअखेर पाहिले तेव्हा, बैठका झालेल्यांपैकी सुमारे ५४ टक्के धोक्याच्या पिण्यातून बाहेर आले होते. ज्यांना केवळ नेहमीचे उपचार मिळाले त्यांच्यात हे प्रमाण सुमारे ३२ टक्के होते. हे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. ज्यांची पोरे नुकतीच शनिवार-रविवारच्या 'बसण्या'ला लागली आहेत, त्या आईबापांनी हा आकडा ध्यानात ठेवावा. लवकर बोलते केले तर चार बैठकाही कामाला येतात.

एका सभासदाची हकीकत

आमच्या एका गटातले सभासद आहेत, तीन एकर ऊस, वय चाळीशीच्या आसपास. आम्ही हा लेख लिहिणार म्हटल्यावर ते म्हणाले, 'साहेब, नाव घालू नका, बाकी समदं घाला. कुणाच्या तरी उपयोगी पडंल.' म्हणून लिहितो.

ते पहिल्यांदा एका केंद्रात महिनाभर राहून आले. दोन महिने एकदम चांगले गेले. मग पहिली उचल जमा झाल्याचा मेसेज मोबाईलवर आला. तालुक्याला गेले, बँकेतून रोख काढली, दोन जुने सोबती भेटले, धाब्यावर जेवण ठरले. त्या रात्री घरी आले नाहीत. शरमेपायी पुढचे चार दिवस पीतच राहिले. घरच्यांनी आशा सोडली. कारभारीण माहेरी गेली. त्या वर्षी त्यांचा खोडवा तणात बुडाला.

दुसऱ्यांदा जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात गेले. तिथे गोळ्या मिळाल्या आणि समुपदेशकही मिळाला. आधी दर आठवड्याला, मग पंधरवड्याला, मग महिन्याला जाणे ठरले. समुपदेशकाने त्यांना एक वही घालायला लावली. मागच्या वर्षभरात कधी कधी जास्त प्यायलो ते आठवून लिहायचे. पाण्याचे पाळीपत्रक असते तसे ते पत्रक झाले, आणि त्यात तीन जागा स्वच्छ दिसल्या. एक, बिल जमा होण्याचा दिवस. दोन, थंडीतली रात्रीची पाण्याची पाळी. लाईट रात्री येणार, मोटर चालू करून बांधावर एकट्याने बसायचे, मग 'थंडी घालवायला' एक क्वार्टर. तीन, जत्रा.

तोवर घरातले सगळे धरून बसले होते की गडी दु:खामुळे पितो, नाहीतर भाऊबंदकीच्या रागाने पितो. वहीने दाखवले ते वेगळेच. मग प्रत्येक जागेचा बंदोबस्त झाला. बिल नवरा-बायकोच्या संयुक्त खात्यावर घेतले. बिलाच्या दिवशी तालुक्याला एकट्याने जायचे नाही, रोख काढायची नाही, सोसायटी आणि खताच्या दुकानाचे पैसे खात्यावरूनच भरायचे. रात्रीच्या पाळीला पुतण्याला बरोबर घ्यायचे आणि थर्मासमध्ये चहा न्यायचा. जत्रेला सकाळी सगळ्या घरादारासह जायचे, देवदर्शन, जेवण करायचे आणि अंधार पडायच्या आत परतायचे. कोणी आग्रह केला तर कारणे सांगत बसायचे नाही. 'नको, मी सोडली' एवढे बोलून जागा सोडायची. कारण सांगितले की समोरचा त्याला उत्तर शोधतो.

सगळे सुरळीत झाले असे नाही. चौदाव्या महिन्यात भाच्याच्या लग्नात त्यांनी दोन पेग घेतले. पण या खेपेला दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वत: समुपदेशकाला फोन केला आणि दोन दिवसांत जाऊन भेटून आले. मागे चार दिवस गेले होते, या वेळी एक रात्र गेली. समुपदेशनाने काय दिले ते इथे दिसते. घसरणारच नाही अशी हमी त्याने दिली नाही, पण घसरल्यावर उठायचे कसे हे शिकवले. त्यानंतर दोन हंगाम झाले. 'बरे झाले' असे आम्ही लिहीत नाही, कारण तेही म्हणत नाहीत. विचारले तर म्हणतात, 'आज न्हाई घेतली.'

गोळी हवी, पण सांगून

दारूची ओढ कमी करणारी औषधे आहेत. दारू घेतली तर त्रास व्हावा म्हणून देण्याचेही औषध आहे. हे दुसरे, डायसल्फिराम, १९४८ साली डेन्मार्कमध्ये पुढे आले आणि आजही वापरात आहे. योग्य माणसाला, तपासण्या करून, त्याला सर्व समजावून दिले तर त्याचा उपयोग होतो. घरातल्या माणसाने रोज आपल्या हाताने ती गोळी द्यावी आणि दोघांनी त्या दिवसापुरता शब्द द्यावा, अशी रीत समुपदेशक घालून देतात.

पण 'न सांगता दारू सोडवा' अशा जाहिराती भिंतीवर आणि एस.टी. स्टँडवर दिसतात, त्यांच्या नादी कृपा करून लागू नका. त्या पुडीत काय असते ते कोणाला कळत नाही. डायसल्फिराम चहात किंवा भाजीत नकळत घातले आणि वर तो माणूस दारू प्यायला, तर उलट्या, छातीत धडधड, रक्तदाब एकदम उतरणे असे होऊन जीव जाऊ शकतो. शिवाय उद्या त्याला हे कळले तर घरातल्या जेवणावरचा त्याचा विश्वास उडतो. मग कोणाचेच ऐकत नाही.

गटाची साथ

समुपदेशक महिन्यातून एकदा भेटतो. बाकीचे एकोणतीस दिवस कोण? यासाठी गट लागतो. 'एए'ची सुरुवात १९३५ साली अमेरिकेतील ओहायो राज्यात अॅक्रन या गावी झाली. दोन दारुड्यांनी, त्यातला एक डॉक्टर होता, एकमेकांना धरून दारू दूर ठेवली. आज त्यांचे गट आपल्या महाराष्ट्रातही आहेत आणि मराठीतून सभा चालतात. फी नाही, पूर्ण नाव विचारत नाहीत, पिणे थांबवण्याची इच्छा एवढीच अट. २०२० साली २७ अभ्यासांमधील दहा हजारांहून अधिक लोकांची माहिती एकत्र तपासली गेली. दारूपासून पूर्ण दूर राहण्याच्या बाबतीत हा मार्ग इतर मान्य उपचारांच्या बरोबरीचा किंवा त्याहून सरस निघाला. ज्याने स्वत: भोगले त्याच्यापुढे माणूस खोटे बोलू शकत नाही, हे त्याचे साधे कारण असावे.

पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आपल्यापैकी पुष्कळांना ऐकून माहीत आहे. डॉ. अनिता अवचट आणि लेखक अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या पाठबळावर २९ ऑगस्ट १९८६ रोजी ते सुरू केले. पुण्यात गर्दचे व्यसन फैलावले होते, त्यातून ही सुरुवात झाली. पुढे दारूचे पेशंटही मोठ्या संख्येने येऊ लागले. तिथे व्यसनातून बाहेर पडलेली माणसेच नव्या पेशंटांची उठबस करतात, घरच्या माणसांना उपचारात सामील करून घेतात आणि घरी गेल्यावरचा पाठपुरावा हा उपचाराचाच भाग मानतात. आपण कोणत्याही केंद्रात माणूस दाखल करा, पण दाखल करण्याआधी एक प्रश्न जरूर विचारा: 'घरी पाठवल्यावर पुढे वर्षभर तुम्ही काय करता?' याचे नीट उत्तर मिळाले नाही तर दुसरे केंद्र बघा.

घरच्यांनी काय करावे?

घरच्या माणसाला, विशेषत: कारभारणीला, दोन्हीकडून बोलणी बसतात. तो प्यायला तर 'हिनंच त्याला वैताग दिला' आणि सोडून गेली तर 'हिला संसार करता आला नाही.' हे आधी बंद झाले पाहिजे. दुसऱ्याची दारू बायकोने सुरू केलेली नसते, आणि ती एकटीच्या जोरावर बंदही करू शकत नाही. पण ती पुष्कळ करू शकते, हे मात्र खरे.

१९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, उपचाराला तयार नसलेल्या दारुड्यांच्या १३० कुटुंबीयांना तीन वेगवेगळ्या रीतींनी मदत दिली. ज्या घरच्यांना भांडण टाळून, शुद्धीत असताना चांगले वागणे आणि प्यायल्यावर बाजूला होणे शिकवले, त्यांच्याकडचे ६४ टक्के पेशंट उपचाराला आले. बाकी दोन रीतींत हे प्रमाण निम्म्याहूनही कमी राहिले. त्यातून घरच्यांसाठी काही गोष्टी निघतात.

प्यायलेल्या माणसाशी त्या वेळी वाद घालू नये. बोलायचे ते सकाळी. न प्यायलेल्या संध्याकाळी त्याच्याबरोबर बसावे, जेवावे, पोरांचा अभ्यास, रानातले काम यावर बोलावे. ती संध्याकाळ त्याला बरी वाटली पाहिजे. गुत्त्याची उधारी घरच्यांनी भागवू नये आणि त्याच्या वतीने सोसायटीत, कामावर खोटी कारणे सांगू नयेत. मागचे उकरून रोज टोचू नये. समुपदेशकाच्या भेटीचा दिवस आणि पाण्याची पाळी एकाच दिवशी आली, तर पाळीला भाऊ किंवा गडी पाठवावा, भेट चुकवू नये. घरच्यांनी स्वत:साठीही आधार घ्यावा. 'अल-अॅनॉन' हे दारुड्यांच्या कुटुंबीयांचे गट १९५१ पासून चालत आले आहेत. आणि मारहाण होत असेल तर सहन करीत बसू नये. महिलांसाठी १८१ आणि तातडीसाठी ११२ हे नंबर आहेत. आधी जीव, मग उपचार.

किती दिवस चालवायचे?

हा प्रश्न आम्हाला हमखास विचारला जातो. पहिले तीन महिने सर्वांत नाजूक. भेटी दाट ठेवायच्या त्या या काळात. वर्षभर नेमाने, आणि त्यानंतरही निदान दुसऱ्या वर्षापर्यंत अधूनमधून जाणे चालू ठेवावे. हार्वर्डचे मनोविकारतज्ज्ञ जॉर्ज वेलंट यांनी दारूचे व्यसन असलेल्या माणसांचा कित्येक दशके मागोवा घेतला. त्यांना दिसले की पाच वर्षे कोरडी गेलेली माणसे सहसा पुन्हा व्यसनात पडत नाहीत. पाच वर्षे हा काळ आपल्याला फार वाटायला नको. चांगली केलेली लागण, त्यामागे खोडवा आणि निडवा, म्हणजे तीन-चार वर्षे एकाच रानाची राखण आपण करतोच.

आपण गावकऱ्यांनी

केंद्र सरकारसाठी 'एम्स'ने केलेली पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात असे आढळले की, देशात दारूचे व्यसन जडलेल्या ३८ जणांपैकी फक्त एकालाच कसला तरी उपचार मिळतो. बाकीच्या सदतीस जणांना उपचार नाही, कारण एकतर सोय जवळ नाही, नाहीतर लाज आडवी येते. सोय उभारणे हे मोठे काम आहे, पण लाज कमी करणे आपल्या हातात आहे.

कित्येक गावांत आयाबहिणींनी मतदान करून बाटली आडवी केली. त्यांचे कौतुकच आहे. पण बाटली आडवी झाली तरी ज्याला व्यसन जडले त्याची ओढ आडवी होत नाही. तो पुढच्या गावाला जातो. त्याला दवाखान्याची वाट दाखवणे हे काम उरतेच. सोडून आलेल्या माणसाला 'बघू किती दिवस टिकतं' असे चावडीवर कोणी म्हणू नये. लग्नात, वास्तुशांतीला, सोसायटीच्या निवडणुकीच्या जेवणावळीत त्याला आग्रह करू नये, आणि दुसरा करीत असेल तर मध्ये पडावे. 'एका पेल्यानं काय होतंय' हे वाक्य म्हणणारा घरी जाऊन झोपतो. त्या पेल्याची किंमत दुसऱ्याच्या घरातली पोरे भरतात.

आता विचारायचे कुठे? जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, तिथे केसपेपर काढून जाता येते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारू आणि अमली पदार्थांमुळे होणारे विकार मानसिक आजारांत धरले आहेत, तेव्हा उपचार मागणे हा आपला हक्क आहे. व्यसनमुक्तीसाठी राष्ट्रीय मदत क्रमांक १४४४६ आहे. मनाच्या कोणत्याही त्रासासाठी 'टेलि-मानस'चा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. फोन करणारा स्वत: पिणारा असला पाहिजे असे नाही, बायको, आई, भाऊ कोणीही करू शकतात.

येत्या हंगामात बिले जमा होऊ लागतील. ज्यांच्या घरात हा प्रश्न आहे त्यांनी बिलाच्या दिवसाची व्यवस्था आत्ताच ठरवावी: खाते कोणाच्या नावे, बँकेत कोण जाणार, संध्याकाळ कुठे काढायची. संयुक्त खात्यासाठी लागणारे कागद कोणते, हे आपल्या गट ऑफिसात विचारावे. चिटबॉयला सांगितले तरी चालेल, आमच्यापर्यंत निरोप येईल. कशासाठी हवे, हे आम्ही विचारणार नाही.

पुढील अंकात खोडव्यातील पाचट व्यवस्थापन.



आपला,
ऊस विकास अधिकारी